पलंगाच्या उंचीची खिडकी

घडीदादांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं वस्तीत कोणी नव्हतं. सगळं आयुष्य त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात घालवलं, आणि ती सवय त्यांच्या हातांना अशी लागली की हाताला लागेल त्याची ते घडी घालत. वर्तमानपत्राची, पोत्याची, दुकानातून आणलेल्या पिशवीची. बैठकीत दोघं हातघाईवर आले तर दादा मध्ये पडत नसत, पण कोणाची तरी खाली पडलेली टोपी उचलून, झटकून, चौकोनी दुमडून त्याच्या हातात देत. भांडणारा त्या टोपीकडे बघत राही आणि तेवढ्यात त्याचा अर्धा राग उतरे. माझा स्वभाव याच्या अगदी उलटा. मी बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की सुपरवायझरसुद्धा चहाला निघून जातो. तरी दादांशी माझं कधी वाजलं नव्हतं. वाजलं ते फक्त त्या खिडकीवरून.

दादांची बायको, आमची वहिनी, पूर्वी त्याच धुलाईखान्यात होती. चादरीचं एक टोक दादांकडे, दुसरं वहिनींकडे, असंच त्यांचं जमलं. मग एके दिवशी लकवा आला आणि वहिनींची उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, डोकं मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चपळ राहिलं. कालव्याकाठच्या जुन्या वस्तीत त्यांचा पलंग पत्र्याच्या भिंतीला लागून होता. दार पाठीमागे, खिडकी नाहीच. "हा पत्रा मला तोंडपाठ झालाय," वहिनी म्हणायच्या. "कुठे गंज आहे, कुठे भोक आहे, विचार. परीक्षा घे माझी."

माझ्या सासूबाई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायच्या. दोघींनी मिळून वस्तीतल्या यच्चयावत माणसांची चिरफाड करायची, हा त्यांचा कार्यक्रम. मीही त्यात असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

पुढे कालव्याकाठची वस्ती उठवायचं ठरलं आणि सरकारने आम्हांला टेकाडाखालच्या जागेवर अर्धं घर देऊ केलं. अर्धं घर म्हणजे काय, हे पहिल्या बैठकीत कोणालाच कळेना. "मग अर्धंच कुटुंब घेऊन यायचं का?" मी विचारलं. लोक हसले. घरांचे नकाशे घेऊन आलेल्या, म्हणून आमच्या नकाशावाल्या बाई, त्याही हसल्या. तरुण होत्या, चपला मातीने माखलेल्या, आणि एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगायची तयारी. त्यांनी सांगितलं ते असं. मागची एक पक्की खोली, ओटा, न्हाणी आणि संडास बांधून मिळणार. पुढे तेवढ्याच आकाराचा गाळा, त्याला खांब आणि वर स्लॅब, बाकी मोकळा. भिंती कुठे, दार कुठे, खोल्या किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि ज्याचं त्याने बांधायचं. विटा-सिमेंट मिळेल, शिकवायला मिस्त्री मिळेल. शेजारच्या दोन घरांनी जोडीने काम करायचं, कारण मधली भिंत दोघांची. आणि पुढचा माल जोडीलाच मिळणार. एक घर मागे राहिलं तर दुसऱ्यालाही थांबावं लागणार.

आमची जोडी दादांशी लागली. त्यांचं घर ओळीतलं शेवटचं, आमचं त्याला लागून. माझा नवरा ट्रकवर, सदा परगावी, म्हणजे आमच्या बाजूने घमेलं उचलणारी मीच. मला घाई होती. सासूबाई, दोन मुली आणि आम्ही दोघं, सगळे मागच्या त्या एका खोलीत राहणार होतो, आणि सासूबाईंचं अंथरूण ओट्याखाली. गाळ्यात त्यांच्यासाठी एक खोली निघाली की माझी सुटका आणि त्यांचीही.

बांधायच्या आधी फक्कीचा दिवस ठरला. मैदानात चुन्याच्या फक्कीने प्रत्येक गाळा खऱ्या मापाचा आखायचा, आणि घरच्यांनी त्यात वावरून बघायचं. इथे झोपलो तर पाय दाराला लागतात का, इथे पेटी ठेवली तर वाट उरते का. मोठमोठी माणसं त्या दिवशी हवेत दारं उघडत होती. पोरं रेषेवरून उडी मारून आत आली तर त्यांच्या आया ओरडायच्या, "भिंतीतून येऊ नका!" माझ्या सासूबाई तेव्हा चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या. त्यांनी आमच्या रेषांमध्ये एक फेरी मारली, "चालेल," म्हणाल्या, आणि वहिनींकडे जाऊन बसल्या.

कारण दादांनी वहिनींना पलंगासकट आणलं होतं. चौघांनी उचलून. मैदानाच्या मधोमध, भर उन्हात, फक्कीच्या घरात तो पलंग आणि वर वहिनी, डोक्यावर दादांनी धरलेली छत्री. कोणीतरी म्हणालं, अहो, पेशंटला कशाला त्रास. वहिनींनी डाव्या हाताने त्याला गप्प केलं. "घरात सगळ्यात जास्त वेळ कोण असणार आहे? मी. मग माप माझ्या अंगाने घ्या."

आणि मग त्यांनी पलंग हलवायला सुरुवात केली. इथे नको, तिथे. उशी इकडून तिकडे. पलंगवाल्या चौघांच्या नाकी नऊ आले. नकाशावाल्या बाई वहिनींच्या शेजारी सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, त्यांना काय दिसतं ते बघायला. त्या बाईंवर माझा जीव जडला तो तिथेच.

शेवटी पलंग मधल्या भिंतीला लागून ठरला, म्हणजे आमच्या बाजूला. खिडकी समोरच्या भिंतीत, गल्लीकडे. बाईंनी दोन काठ्या रोवून वर दोरी बांधली आणि खिडकीच्या तळाची उंची दाखवली. वहिनी म्हणाल्या, खाली. बाईंनी दोरी उतरवली. आणखी खाली. दोरी पलंगाच्या पातळीला आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बास."

"वहिनी, ही खिडकी आहे की मांजराचं दार?" मी म्हटलं.

"मांजर आलं तर येऊ दे."

बाई म्हणाल्या, एवढ्या खाली असली तर गज लागतील, चोर शिरेल. वहिनी म्हणाल्या, "शिरला तर शिरू दे. दिवसभर सोबत होईल मला." मग बाईंनी मैदानाकडच्या बाजूला खिडकी घ्या म्हणून सुचवलं. तिकडे मोठं झाड, मोकळी जागा, मुलं खेळताना दिसतील. गल्लीकडे काय, त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, समोरच्या ओळीची पाठ आणि मातीचा रस्ता. वहिनींनी मान हलवली. "वारा तिकडून येतो."

वारा तिकडून येत नव्हता. फक्कीची धूळ सबंध सकाळ त्या झाडाच्या बाजूने आमच्या तोंडावर उडत होती, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण पलंगावरच्या बाईशी वाऱ्यावरून वाद कोण घालणार? दादांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "ती म्हणते तशी करा."

काम सुरू झालं. धुलाईखान्याची पाळी संपली की दादा यायचे आणि अंधार पडेपर्यंत विटा लावायचे. ओळंबा धरायला शिकले, दोरी ताणायला शिकले. माझ्या भिंतीचा थर वाकडा गेला की न बोलता विटा काढून पुन्हा रचायचे. त्या दिवसांत ते बोलायलाही लागले होते. पलंग आधी येणार, बाकी सामान मग, असं सांगायचे. घरी गेले की वहिनी रोज विचारत, खिडकीपर्यंत आलं का? अजून दोन थर, अजून एक. शेवटी भिंत खिडकीच्या तळापर्यंत आली आणि मिस्त्रीने सिलची फरशी बसवली. माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. दादांनी ती ओल्या कापडाने पुसली आणि घरी सांगायला गेले.

त्याच आठवड्यात वहिनी गेल्या. दुपारी, दादा कामावर असताना. सासूबाई जवळ होत्या. वहिनी बोलता बोलता थांबल्या, एवढंच. सासूबाईंना वाटलं डोळा लागला, म्हणून त्या कितीतरी वेळ आवाज न करता बसून राहिल्या.

दादांनी बांधकामावर येणं बंद केलं. कामाला जात, परत येत, पण टेकाडाखाली फिरकत नसत. आम्ही सगळे तोवर मागच्या पक्क्या खोल्यांमध्ये राहायला आलो होतो. ते कालव्याकाठच्या त्या पत्र्याच्या खोलीतच राहिले. तिथली अर्धी घरं पाडून झाली होती. पहिले काही दिवस कोणी काही म्हटलं नाही. मग मालाची गाडी आली आणि आमच्या जोडीसमोर न थांबता पुढे गेली.

मिस्त्री म्हणाला, "सोपं आहे. अर्ध्या दिवसात ती खालची खिडकी विटांनी भरतो आणि नेहमीच्या उंचीला नवीन काढतो. आता खाली ठेवून करायचंय काय?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पण घर दादांचं, त्यांच्या हो-शिवाय कोण हात लावणार? निरोप धाडले, उत्तर नाही. इकडे सासूबाई ओट्याखालून उठताना पडल्या आणि गुडघ्यांनी संपच केला. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायच्या आणि परत येऊन आडव्या व्हायच्या. रात्री मुली त्यांच्या अंगावरून ओलांडून पाणी प्यायला जायच्या. माझं डोकं फिरलं. एक दिवस पाळी संपताच मी तडक इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेले.

आत वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. दादा लांब टेबलाशी उभे होते, समोर चादरींचा ढीग. मी तोंड उघडणार तोच त्यांनी एका चादरीचं टोक माझ्याकडे केलं. एकट्याने घालायला अवघड जाते ती घडी. मी टोक धरलं. काय करणार?

"दादा, किती दिवस चालायचं हे?"

ते पुढे आले, माझ्या हातातलं टोक घेतलं, मागे गेले. दुसरी चादर.

"आमच्या म्हातारीला कूस बदलायला जागा नाही. तुमची भिंत होत नाही म्हणून माझी होत नाही. मिस्त्री म्हणतो खिडकी वर घेऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा. यायलाही नको."

"वर घेतली," दादा म्हणाले, "तर ती गेली असं होईल."

"गेल्याच आहेत वहिनी, दादा."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी चादर खाली टाकून निघून जावं. पण मी खोटं काय बोलले होते? कोणीतरी बोलायला हवं होतं. दादांनी हातातली चादर टेबलावर ठेवली, कडा जुळवल्या, तळव्याने सुरकुती काढली. मग ती उलगडून पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.

"तिने शेवटचं काही मागितलं ते हेच," ते म्हणाले. "औषध मागितलं नाही, चांगलं लुगडं मागितलं नाही. एवढी वर्षं तिला पत्र्याकडे तोंड करून ठेवलं मी. एक खिडकी मागितली. ती आहे तशीच राहील, ताई. माझ्या उपयोगाची नसली तर नसू दे."

"मग बांधा ना ती! न बांधता कशी राहील?"

हे मी रागाने बोलले, समजूत घालायला नाही. पण दादा थांबले. माझ्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. "उद्या येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले. खिडकी वहिनींनी सांगितली तशीच झाली, त्याच जागी, त्याच उंचीला, गज बसवून. वरची भिंत चढली, आमचीही चढली, गिलावा झाला. सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या. दादांनी कालव्याकाठची खोली सोडली आणि पलंग आणून ठरल्या जागी ठेवला. वर चादर घातली, सुरकुतीविना. आणि गाळ्याचं दार लोटून घेतलं.

ते मागच्या खोलीत खाली चटई टाकून झोपायचे. नव्या खोलीत जातच नसत. येणारे-जाणारे गल्लीतून ती खिडकी बघत आणि मान हलवत. उभ्या माणसाला तिच्यातून काही दिसायचं तर दुमडूनच घ्यावं लागलं असतं. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एवढी राबून उभी केलेली खोली, आणि बंद. आणि आमच्याकडे सासूबाईंची वेगळीच कुरकुर. त्यांची खिडकी रीतसर उंचीची, मैदानाकडे. पडल्या पडल्या त्यांना तिच्यातून नुसतं आभाळ दिसायचं. "आभाळाकडे बघून काय करू?" त्या म्हणायच्या. "त्यात माणसं आहेत का?" वहिनी गेल्यापासून त्यांना बोलायला कोणी उरलं नव्हतं. माझ्याशी त्या बोलत, पण ते बोलणं वेगळं, त्यात निम्म्या सूचना असत.

एका सुट्टीच्या दिवशी दादांनी दारातून हाक मारली. "ताई, जरा येता?"

त्यांचा चेहरा बघून मी हातातलं काम टाकून गेले. नव्या खोलीचं दार सताड उघडं होतं. गजांना रंग द्यायला ते आत गेले होते. रंगाचा डबा सिलवर, ब्रश वाळत चाललेला. पलंगावरची चादर चुरगळलेली होती. त्यांच्या घरात चुरगळलेली चादर मी पहिल्यांदाच बघत होते.

"कंबर धरली म्हणून टेकलो," ते म्हणाले. "आडवा झालो. तुम्ही खाली बसा. इथे, उशीपाशी. डोकं एवढं ठेवा. आता बघा."

मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले आणि उशीच्या उंचीवरून खिडकीबाहेर बघितलं. झाड दिसत नव्हतं. मैदान दिसत नव्हतं. समोरच्या ओळीची भिंत डावीकडून आडवी यायची आणि बरोबर खिडकीच्या मधोमध संपायची. तिथून पुढे मातीचा रस्ता, आणि रस्त्याचं वळण. बसमधून उतरून वस्तीत येणारा माणूस जिथे पहिल्यांदा दिसतो, ते वळण. दुसरं काहीही नाही.

वारा तर नव्हताच.

"मी येताना तिला कधी दिसलो नाही," दादा म्हणाले. "जुन्या खोलीत मी आत शिरून डोक्याशी उभा राहिलो की मग कळायचं तिला. चारचौघांत सांगायची लाज वाटली असेल. म्हणून वारा म्हणाली." ते पलंगाच्या कडेवर बसले. हातांना घडी घालायला काही नव्हतं, म्हणून ते नुसतेच एकमेकांवर पडले होते. "आज पडून बघत राहिलो तासभर. वळणावरून कोणी येत नाही, ताई. येणारा मीच होतो. आणि मी तर इथे आत पडलोय."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दादा रडले नाहीत. ते त्या वळणाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, हा माणूस आता ही खिडकी स्वतःच्या हाताने विटांनी भरून टाकेल.

तेवढ्यात मधल्या भिंतीवर थापा पडल्या. पलीकडून सासूबाई. "काय झालं गं? कोण रडतंय? काय दिसतंय तिथे, मलाही सांगा! मी इकडे आभाळ बघून मेले!"

दादांनी भिंतीकडे बघितलं. आमची भिंत ती, दोघांची, जिच्यातले माझे वाकडे थर त्यांनी सरळ केले होते. मग उठून त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी हात टेकवला, जिथे पलंग संपतो आणि माणूस जाईल एवढी जागा उरते.

"इथे दार निघेल?" त्यांनी विचारलं.

दोन घरांच्या मधल्या भिंतीत दार, असं कुठल्याच नकाशात नव्हतं. मी नकाशावाल्या बाईंना बोलावून आणलं, आणि त्या नाही म्हणाल्या तर काय काय सुनवायचं ते वाटेत ठरवून ठेवलं. काहीच लागलं नाही. त्यांनी भिंत बघितली, मग पलंगावर आडव्या झाल्या, जशा त्या दिवशी मैदानात झाल्या होत्या. उठल्या तेव्हा थोडा वेळ कोणाकडे बघेनात. "भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही," त्या म्हणाल्या. "पाडा. वर लिंटेलची आडवी तुळई तेवढी टाका." मिस्त्री म्हणाला, आधी खिडकी, आता दार, तुम्हा लोकांचं घर कधी पुरं होणार आहे की नाही? पण त्यानेच पहिली वीट काढली.

दार बसवून झालं त्या दिवशी दादा मला म्हणाले, "मी कामावर असताना तुमच्या सासूबाईंना इथे निजवत जा. खोली बंद राहण्यापेक्षा बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर मी सासूबाईंना धरून त्या दारातून पलीकडे नेलं आणि वहिनींच्या पलंगावर निजवलं. सासूबाईंनी उशी दोनदा थापटली, गजांमधून बाहेर बघितलं आणि त्या गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी क्वचितच बघितलंय. नंतर हळूहळू सुरू झालं. कोण आलं, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाशी बोललं नाही. मी चहा टाकायला आमच्याकडे गेले. ऊन उतरायला लागलं.

"आला गं!" सासूबाई आतून ओरडल्या. मग त्याहून मोठ्याने, खिडकीबाहेर, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "एवढा उशीर का रे? केव्हाची वाट बघतेय!"

मी स्टोव्ह बारीक केला आणि दारातून पलीकडे गेले. सासूबाई मान उंचावून बघत होत्या.

"अगं, हा तिथेच थांबलाय. पुढे का येत नाही?"

मी खाली बसून बघितलं. दादा वळणावर उभे होते, डब्याची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, आमच्या खिडकीकडे तोंड करून. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"येतील," मी म्हटलं. "सावकाश येऊ द्या त्यांना."